बिनकामाची फेरी

दर अष्टमी-चतुर्दशीला दुपारी तीन वाजता आमच्या मंदिराच्या वरच्या खोलीत बायकांचा स्वाध्याय असतो. पंधरा-वीस जणी जमतो. एक वाचते, बाकीच्या ऐकतात. कुणी ऐकता ऐकता दुसऱ्या दिवशीच्या पूजेचे तांदूळ निवडत बसते. दोन वर्षांपूर्वी मार्गशीर्षात आचार्य समंतभद्रांचा 'रत्नकरंडक श्रावकाचार' वाचायला घेतला होता. अनर्थदंड-व्रताचं प्रकरण आलं. ज्या पापातून काही मिळत नाही, ज्याच्यावाचून काही अडत नाही, असं फुकटचं पाप म्हणजे अनर्थदंड. त्याचे पाच प्रकार, आणि त्यात एक प्रमादचर्या. उगीच जमीन उकरणे, उगीच पाणी सांडणे, उगीच विस्तव पेटवणे, झाडाची पानं-फांद्या तोडणे. आणि शेवटी, उगीच फिरणे व दुसऱ्याला फिरवणे.

मागून एकीचा आवाज आला, "काकू, ही तुमची सायकल आली बघा!"

सगळ्या हसल्या. मीसुद्धा हसले. पण ते हसू घरापर्यंत पुरलं नाही. जिना उतरतानाच मनात आलं, ही थट्टा नाही, हा प्रश्न आहे. आणि त्याचं उत्तर माझ्याजवळ नाही.

सायकलची गोष्ट अशी. माझं माहेर सौंसरचं. तेव्हा नागपूर-छिंदवाडा लहान गाडी आमच्या गावावरून जायची. तिच्यात बसलं की रुळाकाठच्या अंगणात कुणी काय वाळत घातलं आहे तेही दिसायचं, इतकी ती सावकाश. २०१५ साली ती बंद झाली आणि नंतर मोठे रूळ आले. त्या सौंसरात मी भावाबरोबर तासाच्या भाड्याने सायकल आणून शिकले. लग्न होऊन पांढुर्ण्याला आले आणि सायकल सुटली. सुटली म्हणजे कुणी बंदी घातली असं नाही. जायला कारणच उरलं नाही. भाजी दारावर येते, मंदिर दोन गल्ल्यांवर, किराणा हे आणतात. पुढे सासूबाई अंथरुणाला खिळल्या. नऊ वर्षं माझी सकाळ म्हणजे त्यांचं औषध, त्यांचा चहा, त्यांची अंघोळ. त्या गेल्या आणि पहाटे साडेपाचला जाग येऊ लागली, पण करायला काही नाही. मुलीची शाळेतली सायकल जिन्याखाली गंजत पडली होती. ती दुरुस्त करून आणली, तेव्हा मी एक्कावन्न वर्षांची होते.

तिगावच्या रस्त्याने जायचं ठरवलं, कारण तिकडे वाहनं कमी. गाव संपलं की दोन्ही अंगांना संत्र्याच्या बागा, मधे कपाशी, कुठे तूर. बांधावर पळस. थोडं पुढे गेलं की रेल्वेचे रूळ दिसतात, आणि त्यांच्याही पलीकडे सातपुड्याची निळसर ओळ. तिगावच्या पुढे गाडी घाट चढू लागते, वर मुलताईचं पठार, जिथून तापी निघते. मी तितकं लांब जात नाही. रेल्वे फाटकाशी थांबते, पाणी पिते, एखादी मालगाडी डबे मोजत जाऊ देते आणि परत फिरते. आठ वाजेपर्यंत घरी.

पांढुर्णा काही सहलीचं गाव नाही. २०२३च्या ऑक्टोबरात पांढुर्णा आणि सौंसर या दोन तहसिली छिंदवाड्यातून काढून आमचा वेगळा जिल्हा झाला, तेव्हा पाहुणे विचारू लागले, "तुमच्या जिल्ह्यात पाहण्यासारखं काय?" आम्ही सांगतो, जामसावळीचा निजलेला हनुमान, मोहगावचा महादेव. आणि गोटमार. तिसऱ्या नावाला जरा थांबून सांगतो. तिगावचा रस्ता या यादीत कधीच येणार नाही. तिथे पाहण्यासारखं काही नाही. मी मात्र तेच पाहायला जाते.

पहिल्या दिवसापासून एक प्रश्न मागे लागला. "कुणीकडे चालल्या?" दूधवाला, पानठेलेवाला, शेजारीण, सगळ्यांचा एकच. मी "इथपर्यंतच" म्हटलं की पुढचा, "काय काम होतं?" यांना असं कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. हे चौकात जाऊन उभे राहिले तर ते फिरणं; आपण चौकात उभ्या राहिलो तर ती चौकशी. शाळेतून सायकल मिळालेल्या मुली खेड्याखेड्यांतून रोज पांढुर्ण्याला येतात. निळे-पांढरे गणवेश, ओढण्यांना गाठी. त्यांना कुणी अडवत नाही, कारण त्यांना शाळा आहे. तमिळनाडूतल्या पुदुक्कोट्टै जिल्ह्यात १९९० नंतरच्या साक्षरता चळवळीत हजारो बाया सायकल शिकल्या. तिथेही टवाळी झालीच, पण पाण्याचे हंडे, मुलं, विकायचा माल सायकलवर येऊ लागला तशी ती विरली. म्हणजे बाईने सायकल चालवली तरी चालते. तिच्या कॅरिअरवर काम बांधलेलं असलं पाहिजे.

स्वाध्यायानंतर आठ दिवस मी स्वतःशीच वकिली केली. आधी म्हटलं, गुडघ्यांसाठी डॉक्टरांनीच सांगितलं आहे. पण ते खरं नव्हतं. डॉक्टरांनी घरातल्या घरात पाय उचलायचे व्यायाम सांगितले होते. मग म्हटलं, बायकांनाच का विचारता? हे खरं होतं, पण उत्तर नव्हतं. समंतभद्र आचार्यांनी प्रमादचर्या सांगताना बाई-पुरुष केलेलं नाही. पुरुषांना कुणी विचारत नाही म्हणून मला विचारू नये, हा काय न्याय झाला? त्यांनाही विचारावं. उगीच फिरण्यात जीव मरतात, हे तर दोघांच्याही चाकाखाली सारखंच. बायकांवरच्या अन्यायाच्या पदराआड मी माझा प्रश्न लपवत होते. तो तिथून काढून समोर ठेवला. कामाशिवाय फिरणं, नुसतं पाहायला जाणं, हे पाप आहे का?

पौष महिन्यातली गोष्ट. रस्त्याकाठच्या एका बागेतली झाडं मला पंधरा दिवस मलूल दिसत होती. पानं कोमेजलेली, जमीन भेगाळलेली. बाजूच्या विहिरीवर मोटार आहे आणि मालक पाणी देत नाही. रोज जाताना मी हळहळायची, मनातल्या मनात त्या मालकाला आळशी ठरवून पुढे जायची. एक दिवस सायकल लावून कुंपणाशी उभी राहिले. आत कापूस वेचायला निघालेली एक बाई होती, माझ्याच वयाची. तिने हाक मारली, "काय पाहून राहिल्या बाई रोज रोज?"

मी म्हटलं, "झाडं वाळून चालली ना हो."

ती हसली. "वायली नाही. ताण देल्ला आहे. उपास धरवला त्याईले. मंग पानी सोडलं का कया फुटते भरभरून."

मी सौंसरची पोर, पांढुर्ण्याची सून. जन्मभर संत्री खाल्ली, टोपल्या भरभरून मुलीच्या सासरी पाठवल्या. आंबिया बहार आणि मृग बहार हे शब्द जन्मापासून कानावर. पण आंबियासाठी हिवाळ्यात झाडाचं पाणी तोडतात, वाढ थांबवून त्याला विश्रांती देतात, पानं कोमेजू देतात आणि मग पाणी सोडलं की ते फुलावर येतं, हे मला ठाऊक नव्हतं. पंधरा दिवस मी त्या झाडांकडे बघत होते. पाहिलं एकदाही नव्हतं. उलट एका अनोळखी माणसाला मनातून दोषी ठरवून बसले होते. शास्त्रात दुसऱ्याचं वाईट चिंतण्याला अपध्यान म्हणतात, तोही अनर्थदंडच. म्हणजे एका फेरीत दोन झाले.

माघात ती बाग फुलली. त्या वासाचं वर्णन मी करत नाही. ज्यांनी घेतला आहे त्यांना नको, ज्यांनी घेतला नाही त्यांना पुरणार नाही. त्या बाईशी ओळख झाली. मी थांबते, ती दोन गोष्टी सांगते. कोणत्या झाडाला कीड लागली, कुणाचा माल व्यापाऱ्याने झाडावरच घेतला, कापूस वेचायला किलोमागे काय मिळतं. आता त्या रस्त्यावर मला झाडं दिसतात आणि झाडांखालची माणसंही.

याच्या उलट एक आठवण आहे, तीही सांगते, कारण ती माझीच आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही घरचे सगळे मोठी गाडी करून तामियाकडे पातालकोट पाहायला गेलो होतो. डोंगरात हजार फुटांहून खोल दरी, आणि त्या दरीत भारिया आणि गोंड लोकांची गावं. वरच्या कठड्याशी आम्ही उभे. कुणीतरी दुर्बीण आणलेली. "ते बघ घर! ती बघ बाई, पाणी नेते आहे!" सगळ्यांनी पाळीपाळीने ती बाई पाहिली. मीही पाहिली. फोटो काढले, चिवडा खाल्ला आणि पुढच्या ठिकाणाला निघालो, कारण अंधारापूर्वी अजून दोन ठिकाणं करायची होती. ठिकाणं 'करायची' होती! घरी कपडे धुणं करतात, भांडी करतात, तशी. आपल्या पाणवठ्यावर कुणी वरून दुर्बीण लावली असती तर आपण डोक्यावरचा पदर ओढून आत गेलो असतो. त्या फिरण्याला सगळ्यांनी 'सहल' म्हटलं. काय काम होतं, असं कुणी विचारलं नाही.

तर मी ठरवलं, मिळालं उत्तर. आचार्यांनी 'प्रमाद'चर्या म्हटलं आहे. दोष फिरण्याचा नाही, प्रमादाचा आहे, बेसावधपणाचा. 'तत्त्वार्थसूत्रा'तसुद्धा उमास्वामींनी हिंसेची व्याख्या करताना प्रमादाला आधी धरलं आहे. प्रमादाने प्राण घेणं ती हिंसा. आणि नुसतं फिरणंच पाप असतं तर आपले मुनी काय करतात? मुक्तागिरी आमच्यापासून फार लांब नाही. विहारातले मुनी, आर्यिका आमच्या बाजूनेही जातात. आचार्य विद्यासागरजी १९६८ साली दीक्षा घेतल्यापासून २०२४ साली डोंगरगडला समाधी होईपर्यंत छप्पन्न वर्षं पायीच चालले. कुठल्या कामासाठी? एका जागी रुजू नये, मोह जडू नये, यासाठीच तर विहार. तेव्हा लक्ष देऊन, थांबून, विचारून पाहिलं तर फिरणं अनर्थ नाही. हे मी स्वाध्यायात सांगितलंसुद्धा. बायकांनी माना डोलावल्या. मला जरा अभिमानच वाटला.

तो आषाढापर्यंत टिकला.

पहिला मोठा पाऊस होऊन गेलेला. सकाळ अशी धुतलेली की डोंगराची एकेक घळ मोजून घ्यावी. दोन दिवसांपूर्वी करडा असलेला उतार हिरवा झाला होता. फाटकाकडे जाताना थोडा उतार लागतो, तिथे पायडल न मारता सायकल आपोआप जाते. मी मान वर करून त्या हिरव्याकडे पाहत गेले. अगदी मन लावून पाहत होते. परत येताना चढ लागला म्हणून उतरून सायकल हाताने ढकलू लागले, तेव्हा रस्ता दिसला. पावसाने बाहेर पडलेले वाणी किडे. हात लावला की चकलीसारखे वेटोळे घेतात ते, पोरं त्यांना पैसा म्हणतात. रस्ताभर इकडून तिकडे चालले होते. आणि मधून एक बारीक रेघ गेली होती, माझ्या टायरची. रेघेवर थोड्या थोड्या अंतराने चिरडलेले. मोजले नाहीत. मोजायला हवे होते, पण धीर झाला नाही.

आता काय म्हणावं? लक्ष तर होतं. पण ते पुढच्या चार हातांवर नव्हतं, चार कोसांवर होतं. मुनींच्या ईर्या समितीचं मी स्वाध्यायात कौतुकाने वाचलं आहे: दिवसा चालावं, तुडवलेल्या वाटेने चालावं, समोरची चार हात जमीन पाहत चालावं. सुंदर काय आहे ते पाहायला मान वर करावी लागते. जीव कुठे आहे ते पाहायला खाली. सायकलवर एकाच वेळी दोन्ही होत नाही. विहाराचा दाखला देताना मी एवढं सोयीने विसरले, की मुनी पायी चालतात आणि पावसाचे चार महिने तेवढंही बंद करून एका गावी बसतात. मी त्यांचं फिरणं घेतलं आणि थांबणं सोडून दिलं.

त्या दिवसापासून सायकल पुन्हा जिन्याखाली गेली. घरातल्यांना सांगितलं, पावसाळा आहे. हेही खरंच होतं.

घरी बसले की पाप लागत नाही, असं मला वाटायला लागलं होतं. तेवढ्यात पोळा आला. आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे गोटमार. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. जाम नदीच्या एका तीरावर पांढुर्णा, दुसऱ्यावर सावरगाव. नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवून त्याला झेंडा बांधतात आणि दोन्ही तीरांवरून दगड चालतात. झेंडा कोण नेतो यासाठी. पांढुर्ण्याचा मुलगा आणि सावरगावची मुलगी यांच्या प्रेमाची कहाणी त्यामागे सांगतात. दरवर्षी शेकड्यांनी माणसं जखमी होतात. जीवही गेले आहेत. शासनाने रबरी चेंडू देऊन पाहिले, समजावून पाहिलं, पण दगड थांबले नाहीत.

आणि पाहायला येतात हजारो. नदीकाठच्या गच्च्या भरून जातात. लग्न झाल्यावर पहिल्या वर्षी मीसुद्धा ओळखीच्यांच्या गच्चीवर गेले होते. चहा फिरत होता, भजी होती. एखाद्याला दगड लागला की गच्चीवरून "हो!" असा आवाज उठायचा. त्या आवाजात माझा आवाज होता की नव्हता, हे आज मला शपथेवर सांगता येणार नाही. त्या गच्चीवर मी एका जागी बसले होते. पायाखाली मुंगीसुद्धा मेली नाही. पण आपल्याकडे कर्माचे तीन दरवाजे सांगितले आहेत: स्वतः करणं, दुसऱ्याकडून करवणं आणि कुणी करत असेल त्याला मान डोलावणं. कृत, कारित, अनुमोदना. पाहायला कुणी आलंच नाही तर गोटमार किती वर्षं चालेल, हा विचार त्या वर्षीच्या पाडव्याला, खिडक्या लावून घरात बसले असताना, पहिल्यांदा माझ्या मनात आला. नदीकडचा गलका बंद खिडकीतून ऐकू येत होता.

त्यानंतर चार दिवसांनी पंचमी, दशलक्षण सुरू. पहिला दिवस उत्तम क्षमेचा. आम्ही पांढुर्ण्याच्या लोकांना क्षमेचा धडा दरवर्षी दगडांच्या पाठोपाठ येतो.

बसून पाप लागतं आणि फिरूनही लागतं, तर मग करायचं काय? त्या दहा दिवसांत मी तेच पुस्तक घरी पुन्हा काढलं. प्रमादचर्येची पानं सोडून पुढे गेले आणि देशावकाशिक व्रताशी थांबले. आचार्य म्हणतात, आपण जाण्या-येण्याची हद्द बांधून घ्यावी. कशाने बांधावी? घर, गाव, शेत, नदी, रान. किती काळ? वर्ष, सहा महिने, चार महिने, एक महिना, पंधरवडा. इतक्या शतकांपूर्वीच्या ग्रंथात माझ्या तिगावच्या रस्त्याचा नकाशाच काढून ठेवला होता! आणि हद्दीच्या पलीकडे श्रावक जणू महाव्रती होतो, कारण तिकडे त्याच्या हातून, पायांतून काहीच घडत नाही.

आजवर हे व्रत मला कोंडवाड्यासारखं वाटायचं. विशेषतः आपल्याला, कारण आपली हद्द जन्मभर दुसरेच बांधत आले, आधी वडील, मग सासर, मग लोकांचं "काय काम होतं?" पण दुसऱ्याने घातलेलं कुंपण ते व्रत नव्हे. व्रत आपण घ्यायचं असतं. आणि मी घेतलं. एका बाजूला जाम नदी, दुसऱ्या बाजूला रेल्वे फाटक. आषाढ-चतुर्दशीपासून दिवाळीपर्यंत सायकल नाही. पायी, पहिल्या बागेपर्यंत, खाली पाहत. दिवाळीनंतर सायकल, पण उतारावरही ब्रेकवर हात ठेवून, आणि डोंगर पाहायचा तर उतरून, उभं राहून पाहायचा. सूर्योदयाआधी आणि सूर्यास्तानंतर नाही. पातालकोटसारखं माणसं 'करायला' जाणं नाही. गोटमार नाही, गच्चीवरूनही नाही, मोबाईलवरही नाही.

यात जीव मरणार नाहीत असं मी म्हणत नाही. चाक म्हटलं की चाकाखाली काहीतरी येणारच. कमी येईल, आणि आलं तर कळेल. संध्याकाळी प्रतिक्रमणाला बसते तेव्हा आता 'चालता-फिरता जे जीव दुखावले' म्हणताना तोंडाने म्हणून मोकळी होत नाही. ती रेघ डोळ्यांपुढे येते. पूर्वी येत नव्हती. फिरले नसते तर कदाचित कधीच आली नसती. हे सायकलच्या बाजूने आहे की विरुद्ध, ते तुम्हीच ठरवा.

हद्द लहान केल्यावर एक मात्र झालं. तेवढाच रस्ता पुन्हा पुन्हा पाहिल्याने तो मोठा होत गेला. पायी जाते तेव्हा पळसाच्या कोणत्या झाडाला मुंगळ्यांची रांग आहे ते कळतं. बागेतली ती बाई आता "काय पाहून राहिल्या" असं विचारत नाही. मी दोन दिवस गेले नाही तर विचारते, "बिमार होत्या का बाई?"

परवा स्वाध्याय सुटल्यावर मागे बसणारी तीच जिन्यात भेटली. चप्पल घालता घालता म्हणाली, "काकू, तुम्ही सकाळी किती वाजता निघता हो?"

मी म्हटलं, "का गं? काय काम होतं?"

ती गप्प झाली. मग दोघी एकदमच हसलो. दुसऱ्याला फिरवणं हेही त्याच यादीत आहे, हे मला आठवलं. तिला सांगितलं, "साडेसहाला. पण चाकाकडे बघत चालवायची, आणि फाटकाच्या पुढे नाही."